एक उणे पन्नास

पुणे, रविवार दुपार

प्रिय दिल्या,

फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि रंध्याच्या घरघरीत विषय संपवतोस. म्हणून लिहायला बसलो. वाचायचा तुला कंटाळा, ते ठाऊक आहे. जेवणं झाली की वहिनींकडून वाचून घे.

परवा नातवाला अंक घालत होतो. दुसरीत आहे. म्हटलं, लिही एकोणपन्नास. त्यानं पेन्सिल चावली, ओठ हलवले आणि झोकात लिहिलं ५९. खोड म्हटलं. खोडलं आणि लिहिलं ५१. "का रे?" "आबा, एक आणि पन्नास. तुम्हीच म्हणालात." आता पोराचं काय चुकलं सांग. एक ऐकू आला, पन्नास ऐकू आलं. त्यातला एक उणा आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगू का, इतकी वर्षं एकोणपन्नास म्हणतोय, पण त्या शब्दात वजाबाकी लपलीय हे माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.

आणि तू आठवलास. तिसरीचा वर्ग, गुरुजींनी पंचवीस सांगितले, तू पाटीवर ५२ लिहिलेस. पाटी सगळ्यांना उंच धरून दाखवायला लावली. वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा मी जरा जास्तच हसलो. त्या दिवसापासून तू ढ.

लेका, तू कानाला इमानदार होतास. आपण पाच आधी म्हणतो, वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी. जर्मन लोकांचीही हीच तऱ्हा. तुझी आजी निपाणीची. कानडीत इप्पत्तैदु, म्हणजे सरळ वीस-पाच. बाजारातून आल्यावर तिची चिल्लर तू कानडीत मोजायचास, आणि एकदाही चुकलेला मला आठवत नाहीस. तेच पोर शाळेत मराठीत ढ!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की संख्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं लहान मुलं अडखळतात. मी तेव्हा मोबाईलवर आलेले दोन विनोद पुढे ढकलले होते. आजही 'सत्तर दोन' माझ्या जिभेला रुचत नाही. बहात्तरची चव वेगळी. पण ते ५१ पाहिल्यापासून ते विनोद पुन्हा पाठवायची हिंमत नाही.

आता माझी फजिती ऐक. सुनेनं एका ऑनलाइन कोर्सला बसवलं, विषय काय, तर शिकायचं कसं! बार्बरा ओकली आणि टेरेन्स सेज्नोव्स्की यांचा हा कोर्स २०१४ पासून चालू आहे, जगभरातून लाखो लोकांनी केलाय. ओकलीबाईंची गोष्ट तुला आवडेल. शाळेत गणितात नापास, मग सैन्यात जाऊन रशियन शिकल्या, आणि सव्विसाव्या वर्षी मागे जाऊन शाळेचं गणित गिरवायला बसल्या. पुढे इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या.

मी आरामखुर्चीत चहा घेत व्हिडिओ दीडपट वेगानं पाहिले. अगदी बरोबर आहे, अगदी बरोबर आहे म्हणत मान डोलावली. आणि चाचणीत दहापैकी चार! गंमत म्हणजे नेमकं हेच त्या व्हिडिओत सांगितलं होतं, की नुसतं पाहून समजल्यासारखं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर त्यांना आठवलं ४२ टक्के, आणि मिटून लिहिणाऱ्यांना ५६. आपले गुरुजी "पुस्तक मिटा" म्हणायचे ते काही अगदीच चूक नव्हतं. मारायचे ते चूक.

पण कोर्सभर माझ्या डोळ्यांसमोर तुझी कोल्हापूरच्या उद्यमनगरातली शेड होती. गेल्या दिवाळीत आलो तेव्हा पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग तू एकदा उभं, एकदा आडवं धरून पाहिलंस आणि खिळ्याला अडकवलंस. तीन दिवस त्याला हात नाही. चौथ्या दिवशी थेट सागवानाला करवत लावलीस, लोखंड ओतायच्या साच्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे तुमचा पॅटर्न, घडवायला. मध्ये काय केलं विचारलं तर म्हणालास, "रंकाळ्यावर फिरलो." प्वांकारे नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं लिहून ठेवलंय, की आधी पंधरा दिवस टेबलाशी झगडलो आणि पुढे एका सहलीत घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना एक नेमकी कल्पना लख्ख दिसली. पण ते पंधरा दिवस विसरायचे नाहीत. नुसतं रंकाळ्यावर फिरून कोणाला पॅटर्न सुचत असते तर निम्मं कोल्हापूर पॅटर्नमेकर झालं असतं.

लिपी जेमतेम पाचेक हजार वर्षांची, दिल्या. वाचायची सोय मेंदूत जन्मतः नसते, दुसऱ्या कामाच्या जागा त्यासाठी वळवाव्या लागतात, आणि काहींच्या मेंदूत ते जड जातं. त्याचा अकलेशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर या अडचणीची नोंदही आहे. तुला तेच होतं असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नव्हे. आणि अक्षरं अवघड गेली म्हणून हातात कला आली, असलं गोड गणितही मला पटत नाही. तुझा हात इतकी वर्षं लाकूड तासून आलाय. मला एवढंच म्हणायचंय, की त्या दिवशी मी हसायला नको होतं. हे बोलायला पन्नास वर्षं लागली. एकोणपन्नास म्हण हवं तर.

मे महिन्यात नातवाला घेऊन येतो. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सूतभर आकसतं म्हणून तू ती मुद्दाम मोठ्या फुटाची पट्टी वापरतोस ना, ती त्याच्या हातात दे. सांगू काही नकोस. नुसती साध्या पट्टीशेजारी ठेव आणि बघ काय म्हणतो ते.

आणि आजीचे कानडी अंक शंभरापर्यंत पाठव. लिहून नको, तुझ्या आवाजात.

तुझा,
बाळ्या