रेझर घेण्याआधी जाळीची किंमत विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सवलतींत घेतलेले विजेचे रेझर तुळशीचं लग्न लागेपर्यंत कपाटात जातात. तक्रार एकच, ‘ब्लेडसारखी गुळगुळीत होत नाही.’ ती होणारच नाही. रेझरच्या डोक्यावरची भोकांची धातूची जाळी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ असली तरी ती कातडी आणि पात्याच्या मध्ये असतेच. म्हणून तर कातडी कापत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांना डॉक्टर हेच यंत्र सुचवतात, ते याचसाठी. कुरळ्या दाढीलाही ते मानवतं. ब्लेडच्या रेझरचं तीन-चार पात्यांचं कार्ट्रिज केस ओढून कातडीच्या आत कापतं, मग तो आतच वळून पुटकुळी येते.

जेकब शिक यांचा विजेचा रेझर १९३१मध्ये अमेरिकेत २५ डॉलरला बाजारात आला. फिलिप्सचा गोल फिरणाऱ्या पात्याचा १९३९चा, ब्राउनचा जाळीचा १९५०चा. आजही दुकानात हेच दोन वंश आहेत. बदलली ती बॅटरी, आणि यंत्र नळाखाली धुता येऊ लागलं. (दुकानदार ट्रिमरलाही सर्रास ‘शेव्हर’ म्हणतात. ट्रिमर खुंट ठेवतोच.)

चूक बहुधा वापरात असते. ब्लेडसाठी केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजून मऊ व्हावा लागतो. कोरड्या रेझरसाठी नेमकं उलटं: केस ताठ हवा, म्हणजे तो जाळीच्या भोकात शिरतो. तेव्हा दाढी आंघोळीआधी करावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चेहरा घामाने चिकट असतो. तिथे चिमूटभर टाल्कम पावडर लावली की यंत्र अडखळत नाही. जाळीचा रेझर केसांच्या उलट दिशेने सरळ चालवावा, गोल डोक्याचा लहान लहान वर्तुळांत. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, विशेषतः गळ्यावर, कारण तिथले केस आडवे पडलेले असतात. दाबायचं मात्र नाही. दाबलं की कातडी भोकांत फुगते, घासली जाते आणि आग होते. तीन दिवसांची दाढी असेल तर आधी ट्रिमर फिरवावा, नाहीतर लांब केस भोकाशेजारून निसटतात. कातडीला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लोक चौथ्या दिवशी हरतात.

साफ करताना जाळीवर ब्रश घासू नये. डोकं काढून हलकेच झटकावं. साबणाने धुतलं तर वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब जाळीवर सोडावा. अधूनमधून जाळी दिव्यासमोर धरून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढी फट दिसली तरी ती बदलावी, कारण तिथूनच पातं कातडीला लागतं.

खरा खर्च इथे आहे. जाळी आणि आतलं कटर, म्हणजे हलणारं पातं, साधारण दीड वर्षात झिजतं आणि दोन्हींची किंमत कधी कधी नव्या रेझरच्या निम्म्यावर जाते. स्वस्त मॉडेलचे सुटे भाग तर मिळतच नाहीत, म्हणजे एका जाळीपायी अख्खं यंत्र कचऱ्यात. दुधारी ब्लेड काही रुपयांत मिळतं आणि चार-पाच दाढ्या काढतं, हा हिशेब ग्राहकाने घरीच मांडावा.

तो मांडता यावा म्हणून जाळीचा क्रमांक, तिची किंमत आणि ती किती वर्षं मिळेल, हे रेझरच्या खोक्यावर छापणं कंपन्यांना सक्तीचं करावं.

– एक वाचक, सांगली