रविवारी मिस्सा झाल्यावर मलप्रभेच्या घाटावर

सर्व सभासदांना जय ख्रिस्त.

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा जगभरातल्या चर्चमध्ये निर्मितीचा काळ, म्हणजे देवाने घडवलेल्या सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचा आणि तिची काळजी घेण्याचा काळ, म्हणून पाळतात. 4 ऑक्टोबर म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. नुसत्या प्रार्थनेवर भागवायचं नाही, असं यंदा ठरलंय. येत्या रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की चहा घेऊन थेट खानापूरच्या मलप्रभा नदीच्या घाटावर साफसफाईला जायचं.

येताना जुनी पोती, खोरं, घमेलं आणि हातमोजे आणा. मोजे नसतील तर दुधाच्या जाड पिशव्याही चालतील. पाणी अजून जोरात आहे, त्यामुळे पायऱ्यांच्या खाली कुणीही उतरू नये. लहान मुलांनी फक्त वरच्या कट्ट्यावरचा कचरा वेचायचा. तिथं शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याची पाकिटंच जास्त सापडतात.

आणि दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी एक आठवण. गेल्या सणाच्या जेवणातले प्लास्टिकचे ग्लास आपल्याच मागच्या ओढ्यात चार दिवस अडकून होते. तो ओढा नदीलाच मिळतो. म्हणून पुढच्या जेवणाला स्टीलचे पेले, ज्याचे त्याने घरून आणायचे. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर प्लास्टिकची नको, खरी फुलंच वाहा. झेंडू स्वस्तच असतो त्या दिवसांत.

कणकुंबीला उगम पावलेली ही नदी आपल्या गावात येते तेव्हा अजून लहानच असते. पुढे सौंदत्तीच्या धरणापर्यंत कितीतरी गावं तिच्यावर जगतात.

टेम्पोची सोय झालीय. नावं शनिवार संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींकडे द्या.