कुस्कोहून, गुडघे धरून

कुस्को, पेरू
मे अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वगैरे राहू दे. काल रात्री माचू पिक्चूच्या डोंगरातून परत आलो आणि आज सकाळपासून हॉटेलचा जिना पाठमोरा उतरतोय. मांड्यांची काय गत आहे ते यावरून समज. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून तू राहिलास, पण जाताना बजावलं होतंस, "फोटो पाठवू नकोस, बैस आणि लिही." बसलोय.

कुस्को शहरच ३४०० मीटरवर. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे विमानातून उतरलो तोच दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्याएवढ्या उंचीवर. पहिले दोन दिवस कोकाच्या पानांचा चहा पीत लोळलो. चव? वाळक्या गवतावर गरम पाणी ओतावं तशी. पण डोकं ठणकायचं थांबतं.

तिसऱ्या दिवशी वाटाड्या आला. इथलाच, घरी केचुआ बोलणारा, पन्नाशीचा, मिश्कील माणूस. त्याने आधी कोरिकांचा दाखवलं. सूर्याचं देऊळ, स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचं. स्पॅनिश लोकांनी त्याच्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५० च्या भूकंपात मठाची बरीच पडझड झाली, आणि खालच्या इंकांच्या भिंती जिथल्या तिथे उभ्या. हे सांगताना त्याचा चेहरा अगदी तुझ्या आजोबांसारखा झाला होता, शेजाऱ्याची विहीर आटल्यावर व्हायचा तसा.

दगडांविषयी तुला सांगायलाच हवं, कारण बाकी कोणाला त्यात रस नाही. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तू म्हणशील, आपल्या हेमाडपंती देवळांत तरी कुठे चुना असतो? बरोबर. पण आपल्या पाथरवटाकडे लोखंडी छिन्नी होती, यांच्याकडे लोखंडच नव्हतं. नदीतले कठीण गोटे घेऊन ठोकत बसायचे. वाकून पाहिलं तर दगडावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसतात. मधे मोठे, आणि कडेकडेला येतील तसे लहान आणि दाट, कारण कडेला छोटा गोटा आणि हलका हात. एका सांध्यावरून मी डोळे मिटून नख फिरवत होतो. सांधा कुठे आला ते कळलंच नाही. तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी फुंकली.

मग खरी वाट, माचू पिक्चू या इंकांच्या डोंगरातल्या जुन्या गावाला जाणारी. रेल्वेलाइनच्या ८२ व्या किलोमीटरवर पिस्काकुचो नावाचं ठिकाण आहे, तिथून चार दिवसांत चाळीसेक किलोमीटर. दिवसाला फक्त ५०० माणसांना परवाना, आणि त्यात वाटाडे, हमाल, आचारी सगळे आले, म्हणजे आपल्यासारखे हौशी दोनशेच. फेब्रुवारीभर वाट दुरुस्तीसाठी बंद. हे वाचल्यावर मला आपला हरिश्चंद्रगडावरचा शनिवार आठवला आणि पुढचं काही सुचेना.

नाक्यावर पासपोर्ट तपासतात आणि हमालांची ओझी वजनकाट्यावर टाकतात. पुरुष हमालाला वीस किलोची मर्यादा कायद्याने. त्याआधी काय उचलायला लावत असतील, विचार कर. आम्ही पाठीवर पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन धापा टाकतोय, आणि हे लोक तंबू, गॅसची टाकी, खुर्च्यासुद्धा पाठीला बांधून शेजारून पळत जातात. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या पायात टायरच्या रबराच्या चपला. टाचा अशा फुटलेल्या की भेगेत नाणं राहील. त्या टाचा पाहिल्यावर मी पाठीच्या सॅकबद्दल कुरकुर करायचं बंद केलं. (स्लीपिंग बॅगबद्दल मात्र केली. भाड्याने घेतलेली, तिची चेन पहिल्याच रात्री तुटली. देणाऱ्याने पैसे आगाऊ घेतले होते, हे सांगायला नकोच.)

दुसरा दिवस वार्मिवान्युस्का खिंडीचा. ४२१५ मीटर. नावाचा अर्थ 'मेलेली बाई', कारण खालून बघितलं तर डोंगराची धार उताण्या पडलेल्या बाईसारखी दिसते. तिथे हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्केच. मी वीस पावलं मोजायचो आणि थांबायचो. मग पंधरा. मग दहा. खिंड हाताशी आली आणि एका धोंड्याआड सकाळची सगळी खीर बाहेर पडली. तोच टायरच्या चपलांचा म्हातारा थांबला, काही न बोलता हातातली कोकाची पानं चुरगाळून माझ्या नाकाशी धरली, माझी सॅक स्वतःच्या ओझ्यावर टाकली आणि निघून गेला. मी वर पोचलो तर सॅक दगडाला टेकवून ठेवलेली, हा गायब. मी ओशाळलो, की मला बरं वाटलं? दोन्ही.

रात्री तंबूत सूपमध्ये काळपट, भुसभुशीत काहीतरी आलं. चुन्यो. बटाटे थंडीच्या रात्री उघड्यावर टाकायचे, गोठू द्यायचे, दिवसा उन्हात पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं पुन्हा पुन्हा. मग वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे वाळवणच की! फक्त आपल्या आया गच्चीतल्या उन्हावर करतात, हे दंवावर. बटाटा याच डोंगरांतला. शेंगदाणा, साबुदाण्याचा कंदही याच खंडातला. वाटाड्याला म्हटलं, आमच्याकडे देवासाठी उपास धरतात तेव्हा तुमच्याकडचंच खातात. तो इतका हसला की आचारी बघायला आला.

त्याच रात्री त्याला विचारलं, चाक नाही, लोखंड नाही, घोडा नाही, मग एवढे रस्ते बांधले कसे? कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत तीस हजार किलोमीटरच्या आसपास जाळं आहे. तो म्हणाला, राज्यासाठी पाळीने करायचं काम म्हणजे मीता, ते कधीच गेलं. पण आइनी गेली नाही. आज सगळ्यांनी मिळून माझं घर शाकारायचं, उद्या तुझं. मजुरी नाही, जेवण आणि चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू. अपुरीमाक नदीवर गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे, केस्वाचाका. चार गावं दरवर्षी जूनमध्ये मिळून तो नव्याने विणतात, अजूनही.

मी म्हटलं, याला आमच्याकडे शब्द आहे. आणि मग अडलो.

तिसरा दिवस ढग, ऑर्किड आणि पायऱ्या. उतरताना तुझा गुडघा आठवला, बरं झालं नाही आलास. विन्याय वायनाच्या तळावर हमालांना बक्षिशीची पाकिटं देण्याचा कार्यक्रम झाला. आम्ही एका रांगेत, ते समोरच्या रांगेत, टाळ्या. मला तो प्रकार सहन झाला नाही.

माचू पिक्चूबद्दल थोडक्यात. चौथ्या दिवशी पहाटे तीनला उठून सूर्यद्वाराशी पोचलो आणि समोर पांढरं फटक धुकं. अर्ध्या तासाने ते फाटलं तेव्हा आधी एक लामा दिसला, मग गाव. १९११ मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकन माणसाने 'शोधलं' म्हणतात, पण तो पोचला तेव्हा तिथे शेतकरी राहत होते, आणि १९०२ मध्ये लिसारागा नावाचा इथलाच माणूस भिंतीवर नाव लिहून गेला होता. हो, तिथेही! बिंगहॅमने येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू परत यायला शंभर वर्षं लागली. पण खरं सांगू, त्या गर्दीत मी टायरच्या चपला शोधत होतो. हमाल पहाटेच्या गाडीने गेले होते.

आता तुझ्यासाठी काम. आइनीसाठी आपल्याकडे असलेल्या त्या शब्दाचं मी वाटाड्याला कबूल केलंय, लिहून देईन म्हणून. माझ्या आजोळी इर्जिक म्हणायचे, बहुतेक. तुझ्या गावी सावड म्हणतात ना? की दोन्हींत फरक आहे, एक नुसत्या जेवणावर आणि एक परतफेडीचं? काकूंना विचार, त्यांना नक्की माहीत असेल, आणि लगेच कळव. मी गुरुवारपर्यंत इथेच आहे.

तुझा,
अजूनही जिना पाठमोरा उतरणारा