सुधाला, पैठणीच्या लिंकबद्दल

नाशिक, १८ नोव्हेंबर

प्रिय सुधा,

तू पाठवलेली लिंक नीट पाहिली. फोनवर सांगायला घेतलं की तू "हो गं, हो गं" करत पुढच्या विषयावर जातेस, म्हणून लिहूनच काढते. आधी निकाल सांगते: तिथून पैठणी घेऊ नकोस. का ते सविस्तर लिहिते, कारण उद्या तू दुसरी लिंक पाठवशील आणि मुग्धाचं लग्न लागेपर्यंत हेच चालू राहील.

तू विचारलंस, "साइट खरी वाटते ना?" वाटते की! फोटो झकास, मजकूर शुद्ध, पत्त्याच्या पट्टीत तुझं ते लाडकं कुलूपही असेल. अगं, त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुझ्या फोनवरून निघालेली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. ती जिथे पोचते तिथे बसलेला चोर आहे की साव, याच्याशी त्याचा संबंध नाही. कुलूप दाखवायला साइटला जे प्रमाणपत्र लागतं, ते फुकट मिळतं, भामट्यालाही. लोक त्यावर नको तितका विश्वास ठेवतात, म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

मी इतकी वर्षं करसल्लागाराच्या ऑफिसात लोकांचे जीएसटीचे कागद भरतेय, त्यामुळे माझी नजर आधी पानाच्या तळाशी जाते. मला एकच बघायचं असतं. साडी आलीच नाही, किंवा आली ती भलतीच आली, तर भांडायला माणूस कुठे सापडेल? २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचा निकाल महिन्याभरात लावायचा असतो. तुझ्या या साइटवर काय आहे? एक फॉर्म आणि एक जीमेल. पत्ता म्हणून नुसतं "येवला, महाराष्ट्र". गल्ली नाही, पेठ नाही, घर नंबर नाही. पोस्टमन तरी कुठे जाईल?

बरं, जीएसटी नंबर मात्र त्यांनी ऐटीत छापलाय. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. महाराष्ट्राचे आकडे २७. यांचा नंबर २४ने सुरू होतो, म्हणजे गुजरात. इथेच मला हसू आलं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून शोधता येतं. टाकला. नाव भलतंच निघालं, नोंदणी यंदाच्या ऑगस्टची, आणि मालाच्या यादीत प्लास्टिकच्या वस्तू. इकडे साइटवर "तीन पिढ्यांची परंपरा". तो नंबरसुद्धा कुणा बिचाऱ्याचा उचललेला असू शकतो, तेव्हा नंबरवाल्याला शिव्या घालू नकोस.

आणि उलटही लक्षात ठेव. जीएसटी नंबर नाही म्हणजे फसवणूक, असं नाही. छोट्या विणकराची उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागतही नाही. नंबर नसलेल्या माणसाशी मी बोलून बघेन, पण खोटा नंबर देणाऱ्याशी बोलायचंही कारण नाही.

आता ते तांबड्या अक्षरातलं घड्याळ: "ऑफर संपायला ११ मिनिटं", "फक्त २ शिल्लक". मी पान बंद करून पुन्हा उघडलं, तर पुन्हा ११ मिनिटं. अशा खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलेली आहे. तरी चालतं, कारण आपण घाबरतो. अभिप्रायांचंही तेच. पन्नासच्या पन्नास पाच तारे, सगळे दोन-तीन दिवसांतले, आणि कुणालाच रंग फिका वाटला नाही की पार्सल उशिरा आलं नाही! मी नेहमी तीन तारेवाले वाचते, खरी माहिती तिथेच सापडते.

साडीचे फोटो मी गूगल लेन्समध्ये टाकले. बांगडीमोराच्या पदराची ती जांभळी साडी दुसऱ्याच एका विणकराच्या पानावर आहे, कित्येक पट किमतीला. अस्सल हातमागाची पैठणी २,५०० रुपयांत मिळत नाही, हे तुला मी सांगायला हवं का? तुझ्या आईच्या पैठणीचा पदर उलटून बघ. मागून नक्षी जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे लोंबते धागे असतात. म्हणून कुठलाही विक्रेता असो, पदराच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ मागायचा, तोही समोर व्हिडिओ कॉलवर. खरा विणकर आनंदाने दाखवतो, वर हातमागही दाखवतो आणि अर्धा तास बोलतो. दुसरा माणूस "मॅडम, पहले पेमेंट कर दो" म्हणतो. साइटवरच्या सिल्क मार्कच्या चित्रावर जाऊ नकोस. चित्र कुणीही चिकटवतं. साडीला लावलेलं लेबल हवं, आणि तेही फक्त रेशीम खरं एवढंच सांगतं. हातमागाचं आहे हे सांगणारा हँडलूम मार्क वेगळा.

पैशांचं म्हणशील, तर त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला क्यूआर स्कॅन केलास की पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसतं. दुकानाचं नाव एक आणि खातं कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर असेल, तर तिथेच थांब. नव्या दुकानात शक्यतो क्रेडिट कार्ड वापर. माल आला नाही तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. यूपीआयने स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे परत आणणं फार कठीण. "कॅश ऑन डिलिव्हरी आहे, मग काय भीती?" असं तू म्हणशीलच. बहुतेक वेळा पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत, आणि आत काय आहे याच्याशी कुरिअरवाल्या पोराला देणंघेणं नसतं. पुढचा सापळा "रिफंड देतो" म्हणणाऱ्या फोनचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. हे वाक्य भाऊजींनाही ऐकव, ते पटकन भिडेला बळी पडतात.

देव न करो, पण पैसे गेलेच तर लाज वाटून घरी बसू नकोस. त्याच मिनिटाला १९३०ला फोन. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. फसवणूक नसून नुसतीच टोलवाटोलवी असेल तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन. आणि २०१९च्या कायद्याने ग्राहक आयोगात तक्रार राहत्या गावी करता येते, म्हणजे तुला इंदूर सोडावं लागणार नाही.

आता कामाचं. येवला इथून फार लांब नाही आणि आमच्या ऑफिसात दोन विणकरांचे कागद येतात. त्यांना विचारते, व्हिडिओ कॉल लावून देते, भाव तू कर. तुझ्यासारखी घासाघीस मला जमत नाही. विणायला वेळ लागतो, तेव्हा रंग या आठवड्यात ठरवा. मला मोरपंखी आवडेल, पण मुग्धाला विचार. आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंना या भानगडीत घेऊ नकोस, नाहीतर चार रंगांवर वाद होऊन शेवटी लालच येईल.

तुझीच,
नीला