रेवदंड्याला थांबा!

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली आणि अलिबाग मुंबईकरांच्या आणखी जवळ आले. पण अलिबागहून मुरुड-जंजिऱ्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या रेवदंड्याला न थांबता थेट काशीदचा किनारा गाठतात, याचे फार वाईट वाटते. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आलेला रेवदंड्याचा कोट आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरला आहे. तटाच्या दगडांत झाडांची मुळे घुसली आहेत. सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले तर मान वर करून बघतच राहावे असे! शेजारचे चौल हे प्राचीन बंदर. वास्को द गामाच्या आधी भारतात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे, पण किती जणांना ठाऊक असते? खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली ख्रिस्ती घरांत बोलली जाते. असे गाव महाराष्ट्रात दुसरे कुठे सापडणार?

समुद्रस्नान जरूर करावे, पण निदान अर्धा दिवस या गावांसाठी ठेवावा. पर्यटन आणि पुरातत्त्व खात्यांनी मुख्य रस्त्यावर ठळक मराठी फलक लावावेत, तटावरची झाडे शास्त्रीय पद्धतीने काढावीत आणि स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण द्यावे. पावसाळ्यानंतर पर्यटकांची गर्दी सुरू होते, त्याआधी निदान फलक तरी लागावेत.

– एक वाचक, ठाणे