खरेदीच्या टेबलाशी एक खुर्ची सिस्टरसाठी ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सादर नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका. एकतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची चौदा वर्षं कॅथलॅब, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी होते ती खोली, आणि तिला लागून असलेल्या रिकव्हरी वॉर्डात गेली. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी झालेल्या किती माणसांच्या जांघेवर बोटं रोवून मी उभी राहिले, त्याची मोजदाद नाही. डॉक्टर धमनीला भोक पाडून आत शिरतात, काम झालं की हात धुऊन पुढच्या केसला जातात. ते भोक बुजवणं आमच्याकडे. हे पत्र त्या भोकाबद्दल आहे आणि थोडं सिरिंजबद्दल. दोन्ही गोष्टी शेवटी आपल्या खात्यात एकाच ठिकाणी येऊन अडतात, ते म्हणजे खरेदीचं टेबल.

आधी भोकाचं सांगते. जांघेतल्या धमनीत प्लास्टिकची एक नळी बसवलेली असते, तिला शीथ म्हणतात. नेहमीची सहा फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथ आतून दोन मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी. रक्त पातळ करायला दिलेल्या हेपॅरिनचा असर उतरला की ती ओढून काढायची आणि त्याच क्षणी तीन बोटांनी दाब द्यायचा. नवीन मुलगी हमखास चुकते. तिला रक्त कातडीवर दिसतं, म्हणून ती तिथेच दाबते. सुई तिरकी गेलेली असते, त्यामुळे धमनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर असतं. खाली दाबलं तर बाहेरचं रक्त थांबतं आणि आतलं मांडीत साठत जातं. आधी लिंबाएवढी गाठ, मग संत्र्याएवढी. दाबही बेताचा लागतो. बोटाखाली ठोका लागला पाहिजे, पावलावरची नाडीही पूर्ण बंद होता कामा नये. हे घड्याळ लावून वीस मिनिटं. दिवसाला सहा शीथ काढल्या तर दोन तास नुसते दाबण्यात जातात. अंगठ्याच्या मुळाशी जी कळ लागते ती रात्री पोळ्या लाटताना आठवते.

त्यानंतर रुग्णाची शिक्षा सुरू होते. जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ, चार ते सहा तास हलायचं नाही. 'सिस्टर, जरा कुशीवर वळू का?' हा प्रश्न मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल. करमाळ्याकडचे एक आजोबा होते. पाठ धरली म्हणून रडकुंडीला आले आणि म्हणाले, 'हार्टचं काय नाय वाटलं, पन ही पिशवी काढा.' सगळ्यांचं असं हसण्यावारी जात नाही. एका रात्री एक बाई कंबर दुखतेय म्हणून सांगत होत्या. ड्युटीवरच्या मुलीला वाटलं, पडून पडून दुखत असेल. जांघेवर गाठ नव्हती, पट्टी कोरडी होती. रक्त आत, पोटामागच्या पोकळीत उतरत होतं. बीपी पडल्यावर धावपळ झाली. बाई वाचल्या, पण रक्ताच्या चार पिशव्या आणि आठ दिवसांचा आयसीयू लागला. त्या मुलीला मेमो मिळाला. तिच्याकडे त्या रात्री शीथ काढलेले तसे सात रुग्ण होते, हे मेमोत लिहिलेलं नव्हतं.

सुईतून तार आणि तारेवरून नळी घालण्याची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर नावाच्या रेडिओलॉजिस्टनं १९५३ साली छापली. आत शिरण्याची वाट अशी एका माणसानं सोपी करून दिली, बाहेर पडण्यासाठी मात्र त्यानंतर चाळीसेक वर्षं माणसाची बोटंच होती. नव्वदच्या दशकात भोक बुजवणारी साधनं बाजारात आली. अँजिओ-सीलला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. त्यात धमनीच्या आतून एक चिमुकली पट्टी अडकते, बाहेरून कोलॅजेनचा बोळा बसतो, दोघांना एक दोरा आवळून धरतो आणि साधारण तीन महिन्यांत सगळं शरीरात विरघळून जातं. कल्पना पाहिली तर आपल्या आजीनं फुटक्या घागरीला आतून-बाहेरून चिंधी लावावी तशी. पर्क्लोज नावाचं दुसरं साधन कातडीवरूनच धमनीला टाका घालतं.

आता आपले सल्लागार म्हणतील, हल्ली तर अँजिओग्राफी मनगटातून होते. खरं आहे. डॉक्टर काम्पो यांनी १९८९ मध्ये मॉन्ट्रियलहून मनगटातल्या अँजिओग्राफीचा अनुभव छापला, डॉक्टर कीमनाइ यांनी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला मनगटातून अँजिओप्लास्टी केली, आणि आमचं आयुष्य सोपं झालं. मनगटाला पारदर्शक पट्टा बांधायचा, सिरिंजनं त्यात हवा भरायची, मग थोडी थोडी सोडत जायची. रुग्ण बसून चहा पितो. पण ज्यांची मनगटातली धमनी बारीक किंवा वेडीवाकडी आहे, डायलिसिससाठी ज्यांचे हात राखून ठेवायचे आहेत, ज्यांना हृदयाला आधार देणारा बलून पंप लागतो किंवा जांघेतून हृदयाची झडप बसवायची असते, त्यांची वाट अजून जांघेतूनच जाते. आणि झडपेसाठीचं भोक मोहरीचं नसतं, चांगलं वाटाण्याएवढं असतं.

मग भोक बुजवणारी ही साधनं आमच्या वॉर्डात का नव्हती? महाग म्हणून. मागणी गेली की शेरा यायचा, 'हाताने दाबून होते, खरेदीची आवश्यकता नाही.' शेरा मारणाऱ्यानं एकदाही वीस मिनिटं दाबलेलं नव्हतं. त्याच्या हिशेबात सिस्टरचे दोन तास फुकट, रुग्णाची सहा तास अडलेली खाट फुकट आणि कंबर दुखणाऱ्या बाईंचा आयसीयू खर्चाच्या दुसऱ्या कुठल्या तरी हेडखाली. निविदेत दिसते ती फक्त नगाची किंमत. जो सर्वांत स्वस्त तो एल-वन, आणि एल-वन म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

आमच्या वॉर्डबॉयनं एक खटाटोप केला होता, तो मुद्दाम सांगते. जुन्या बीपी मशीनचा रबरी फुगा, सुताराकडून तासून आणलेला गोल ठोकळा आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा. फुगा भरला की ठोकळा जांघेवर दाबतो आणि काट्यावर दाब किती ते दिसतं. आम्ही तो एकमेकींच्या मांडीवर बांधून पाहिला, पावलाची नाडी तपासली, पट्टा सरकतो म्हणून मागे दुसरा टाका घातला. रुग्णाला लावला नाही. डॉक्टरांनी विचारलं, 'याचं लायसन कुठाय?' आणि त्यांचं बरोबरच होतं. पुढे कळलं की स्वीडनमधल्या उप्सालाच्या एका कंपनीनं फेमोस्टॉप नावानं जवळपास हीच वस्तू केव्हाच बाजारात आणली आहे. दहावी नापास माणसानं स्वतःच्या डोक्यानं तिथवर मजल मारली आणि पुढे न्यायचं कुठे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पवईच्या आयआयटीत राज्य सरकारच्याच पैशातून २०१४ साली 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, पुण्यात आणि नागपुरातही त्याचं काम चालतं. ते मला निवृत्तीनंतर भाच्याकडून समजलं. आमच्या रुग्णालयाच्या नोटीस बोर्डावर त्याचं पत्रक कधी दिसलं नाही, झुरळांच्या फवारणीचं मात्र दर महिन्याला असायचं.

सिरिंजची गोष्ट याच रस्त्यानं जाते. लसीकरणात ऑटो-डिसेबल सिरिंज असते, दट्ट्या एकदा खाली गेला की पुन्हा वर येत नाही. उत्तम वस्तू आहे. गुजरातमध्ये मोडासाला २००९ साली कावीळ-बी पसरली, उत्तर प्रदेशात उन्नावजवळ २०१८ साली एचआयव्ही, आणि दोन्हीकडे बोट वापरलेल्या सुया-सिरिंजकडेच गेलं. म्हणून हीच सिरिंज सगळीकडे सक्तीनं द्या, असं म्हणणारे असतात. ती वॉर्डात आली की सिस्टर नाकं मुरडतात, आणि अधिकाऱ्यांना वाटतं आम्ही हट्टी. साहेब, पावडरच्या अँटिबायोटिकची बाटली घ्या. आधी पाणी ओढायचं, बाटलीत सोडायचं, हलवायचं, मग औषध ओढायचं. दट्ट्या दोनदा मागे-पुढे व्हावा लागतो. लसीची सिरिंज पहिल्याच फेरीत अडकून बसते. वॉर्डासाठी दुसरा प्रकार लागतो, ज्यात काम झाल्यावर आपणच दट्ट्या पूर्ण मागे ओढून कट्‌कन मोडायचा. त्यातही मेख आहे. पन्नास खाटांमागे दोन सिस्टर असतील, तर मोडायचं राहून जातं. तिसऱ्या प्रकारात सुई आपोआप नळीत ओढली जाते. तो मला सगळ्यात आवडतो, कारण एकदा टोपण लावताना सुई माझ्याच बोटात गेली होती आणि अठ्ठावीस दिवस मी एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या खाल्ल्या. त्या दिवसांत घरात कुणाला न सांगता ताट-वाटी वेगळी ठेवायचे. त्याची गरज नसते, हे इतरांना शिकवणारी मीच.

सिरिंजच्या टोकाशी दट्ट्या पूर्ण दाबूनही थोडं औषध उरतं. ते कमी उरावं असं डिझाइन केलं की काय होतं, ते कोविडात दिसलं. मे २०२१ मध्ये केरळनं जाहीर केलं की केंद्राकडून ७३,३८,८०६ डोस आले आणि त्यांनी ७४,२६,१६४ दिले. कुपीत थोडी लस जास्तीची असते, ती तिथल्या सिस्टरांनी वाया जाऊ दिली नाही. पंतप्रधानांनी कौतुक केलं. जादू काही नव्हती, हात बसलेला होता आणि कमी शिल्लक सोडणारी सिरिंज होती.

अमेरिकेनं २००० साली सुई टोचण्यापासून बचावाचा कायदा केला. सुरक्षित सुया घ्या, एवढंच त्यात नाही. साधन निवडताना प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या, अधिकारी नसलेल्या कर्मचाऱ्यांचं मत रुग्णालयानं घेतलंच पाहिजे आणि ते नोंदवलं पाहिजे, असं कलम आहे. मला आपल्याकडून नेमकं हे हवं आहे. औषधं-उपकरणांच्या खरेदीसाठी आपण २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण उभं केलं. सिरिंज, सुई, कॅन्युला, शीथ, धमनी बंद करण्याची साधनं यांच्या तांत्रिक समितीत दोन सिस्टर आणि एक कॅथलॅब टेक्निशियन घ्या, मताच्या अधिकारासह, चहापुरते नव्हे. नमुने आधी तीन वॉर्डांत महिनाभर वापरू द्या, दर नंतर उघडा. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयं तर आपलीच आहेत, सुरुवात तिथून होईल.

खरेदीच्या समितीचा नवी साधनं शोधून काढण्याशी काय संबंध, असं वाटेल. अहो, चांगल्या वस्तूला गिऱ्हाईकच नसेल तर ती बनवेल कोण? उपकरणांच्या धोक्यानुसार केलेल्या वर्गवारीत सिरिंज 'ब' वर्गात मोडते, तिच्या उत्पादनाचा परवाना २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे राज्यातच, अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. दिल्लीला जावं लागत नाही. चाकणचा एखादा प्लास्टिक मोल्डिंगवाला चार पैसे जास्त लागणारी पण सुई आत ओढणारी सिरिंज काढेलही. एल-वनच्या पहिल्याच फेरीत तो बाद होणार असेल तर तो बादल्याच काढत राहील. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयाची देशी झडप झाली ती डॉक्टर आणि इंजिनिअर एका छताखाली होते म्हणून, आणि आधीचे तीन नमुने फसले तरी कुणी गाशा गुंडाळायला लावला नाही म्हणून. चौथा १९९० साली रुग्णाच्या छातीत बसला. आपल्या जिल्हा रुग्णालयाला 'बेटिक'मधला एखादा पोरगा महिन्यातून दोन दिवस मिळाला, तरी आमच्यासारख्यांचे ठोकळे कपाटात पडून राहणार नाहीत.

तो ठोकळा माझ्याकडे आहे. रबर चिरलंय, पट्टा शाबूत आहे. आपल्या खात्यातल्या कुणाला पाहायचा असेल तर मी बसनं घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर

ता.क. इन्सुलिनच्या सिरिंजचं राहिलंच. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० युनिटची कुपी अजून सर्रास मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवालीची नारिंगी. लाल आणि नारिंगी! मोतीबिंदूवाल्या म्हातारीनं कसं ओळखायचं? १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं तर डोस अडीच पट जातो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. निविदेत एवढी एक अट घाला की सिरिंजच्या पाकिटावर ठळक मराठी आकड्यांत ४० किंवा १०० छापलेलं हवं. याला समिती नको, एक ओळ पुरे.