काका, सूर खरंच हलत होता

प्रिय काका,

तुमच्यासमोर धड आभारही मानता आले नाहीत, घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी चार महिने मी मॉड्युलर सिंथची, म्हणजे सुटी मॉड्युलं जोडून केलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची, ती पेटी खांद्यावर घेऊन फिरत होतो. तक्रार एकच: ड्रमचे मॉड्युल सुरू केले की ऑसिलेटरचा, म्हणजे सूर काढणाऱ्या मॉड्युलचा, सूर प्रत्येक ठोक्याला किंचित ढळतो. पहिल्या जाणकारांनी ऐकायचीही तसदी न घेता सांगितलं, "पॉवर सप्लाय कमी पडतोय, मोठा घ्या." घेतला. दुप्पट अँपिअरचा. सूर तसाच. त्यांच्याकडे परत गेलो, तर त्यांनी सप्लायच्या टोकांना मीटर लावला, बरोब्बर 12 व्होल्ट दाखवले आणि म्हणाले, "तुमच्या कानाचा भास आहे." दुसऱ्यांनी तर रिबन केबल उलटी लावून एक मॉड्युलच जाळलं. केबलची लाल पट्टी उणे 12 व्होल्टच्या बाजूला यायला हवी, एवढं साधं! वर मलाच विचारलं, "आधीपासूनच खराब नव्हतं ना?"

तुम्ही मात्र मीटर हातात घेतलाच नाहीत. "आधी वाजव," म्हणालात. मी एक लांब सूर धरला. तुम्ही डोळे मिटले आणि त्याच सुरात हळूच 'सा' लावलात. मग खूण केलीत, मी ड्रम सुरू केला. तुमचा सा जागेवर राहिला, माझ्या यंत्राचा सरकला. डोळे न उघडताच तुम्ही म्हणालात, "हलला रे."

काका, दुरुस्ती तिथेच झाली माझी. यंत्राची नंतर झाली.

एखाद्याची तक्रार आधी खरी धरायची आणि मग तपासायची, याला काही फार शिक्षण लागत नाही. तरी इतकी माणसं उलट्या बाजूने का सुरुवात करतात, कोण जाणे. असो.

मग तुम्ही मीटरची एक पिन सप्लायच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या जोडाला, लावलीत आणि दुसरी बसबोर्डच्या, म्हणजे मॉड्युलांना वीज वाटणाऱ्या पट्टीच्या, पार टोकाच्या ग्राउंडला. ग्राउंड ते ग्राउंड! मला वाटलं, चुकून लावली. आकडा शून्याच्या जवळ हवा होता. तो 25 मिलिव्होल्टच्या आसपास होता आणि ठोक्यागणिक दहाएक मिलिव्होल्टने डुलत होता. या यंत्रात सूर व्होल्टेजवर ठरतो: सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे अर्ध्या स्वराला जेमतेम 83 मिलिव्होल्ट. त्यातले दहा हलले तर सूर ढळणारच. सप्लाय निर्दोष होता. त्याच्यापासून बोर्डापर्यंत आलेली ग्राउंडची तार दोऱ्यासारखी बारीक होती आणि सगळ्या मॉड्युलांचा परतीचा प्रवाह तिच्यावरूनच जात होता. मोठ्या सप्लायच्या भरवशावर मी आणखी मॉड्युलं जोडली, तिचा भार वाढवला. हे कबूल करताना मी खाली बघत होतो. तुम्ही हसला नाहीत, सोल्डरिंग गन माझ्या हातात दिलीत.

आता प्रत्येक बोर्डाला स्वतःची जाड, आखूड तार आहे आणि ड्रमचा बोर्ड वेगळा. काल रात्री पाऊण तास एकच सूर धरून बसलो होतो. घरचे वैतागले.

तुमच्या मीटरची काळी पिन चुकून माझ्या पेटीत आलीय. रविवारी आणून देतो. पेटीही आणतो. तुम्ही सा लावा.

तुमचा,
तो कानाचा भास झालेला